टेलच्या पाण्याचा खेळ : उत्क्रांतीय संगणन, बुद्धिमान एजंट आणि आटपाडीचे पाणीवाटप

नियम ठरवून दिलेल्या एखाद्या खेळात संगणकातील खेळाडूंना एकमेकांशी हजारो वेळा खेळू द्यायचे, ज्यांना अधिक गुण मिळतील त्यांच्या डावपेचांची थोड्या फेरफाराने नक्कल करून पुढची पिढी तयार करायची, कमी गुणांचे डावपेच गाळून टाकायचे आणि हा क्रम शेकडो पिढ्या चालू ठेवायचा, या रीतीला उत्क्रांतीय संगणन म्हणतात. त्यातील प्रत्येक खेळाडू म्हणजे परिस्थिती पाहून, आधीचे स्मरण ठेवून आणि स्वतःच्या लाभाचा हिशेब करून निर्णय घेणारा छोटा संगणकीय घटक असतो. त्याला बुद्धिमान एजंट असे नाव आहे. या दोन कल्पनांची सांगड गेल्या साठ-सत्तर वर्षांत सोंगट्यांच्या पटापासून ते कालव्याच्या पाण्यापर्यंत घातली गेली. या सर्व कामाचा सांगली जिल्ह्यातील आटपाडीसारख्या कायमच्या दुष्काळी तालुक्याला, जेथे कृष्णेचे पाणी उपसून आणावे लागते आणि ते कोणी किती घ्यायचे हा तीन दशकांच्या चळवळीचा विषय राहिला आहे, नेमका काय उपयोग होऊ शकतो, याचा आढावा येथे घेतला आहे.

उत्क्रांतीय संगणनाची मुळे एका ठिकाणी सापडत नाहीत. १९६०च्या दशकात बर्लिनमध्ये इंगो रेखेनबर्ग आणि हान्स-पॉल श्वेफेल यांनी यंत्रभागांचे आकार सुधारण्यासाठी, तर अमेरिकेत लॉरेन्स फोगेल यांनी भाकीत करणाऱ्या छोट्या यंत्रणा घडवण्यासाठी ही कल्पना स्वतंत्रपणे वापरली. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांच्या १९७५ सालच्या ग्रंथाने तिला जनुकीय अल्गोरिदम हे रूप दिले. या रूपात प्रत्येक डावपेच अंकांच्या एका माळेत लिहिला जातो. दोन चांगल्या माळांचे तुकडे जोडून नवी माळ करणे म्हणजे संकर, एखादा अंक यदृच्छया बदलणे म्हणजे उत्परिवर्तन आणि माळेला खेळात मिळालेले गुण म्हणजे तिची योग्यता. योग्यता कशी मोजायची हे मात्र यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो.

पटावरच्या खेळांचा इतिहास थोडक्यात पुरेसा आहे. आर्थर सॅम्युएल यांनी १९५९ साली चेकर्स हा सोंगट्यांचा खेळ अनुभवातून शिकणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर चार दशकांनी कुमार चेल्लापिल्ला आणि डेव्हिड फोगेल यांनी त्याच खेळासाठी मानवी तज्ज्ञतेचा आधार शक्य तितका काढून टाकला. त्यांनी पंधरा न्यूरल जाळी घेतली, प्रत्येकाचे थोडे बदललेले एक अपत्य तयार केले, सर्वांना आपसांत खेळवले आणि वरची पंधरा ठेवली. जिंकल्यास एक गुण, बरोबरीस शून्य आणि हरल्यास दोन गुण वजा, एवढाच हिशेब होता. कोणता डाव जिंकला आणि कोणता हरला हेसुद्धा जाळ्याला सांगितले जात नव्हते, फक्त शेवटची बेरीज कळत होती. तरीही ८४० पिढ्यांनंतर निघालेला खेळाडू इंटरनेटवर माणसांशी खेळून तज्ज्ञ श्रेणीला पोचला. याउलट, महाराष्ट्रातील अनेक जुन्या देवळांच्या फरशांवर ज्याचे पट कोरलेले आढळतात त्या नवकंकरीसारख्या खेळाला उत्क्रांतीची गरजच पडली नाही. राल्फ गासर यांनी १९९३ साली सर्व शक्य स्थितींची छाननी करून, दोन्ही बाजूंनी चूक न केल्यास तो बरोबरीत सुटतो, हे दाखवून दिले. वाघ-बकरीच्या घराण्यातील बाघचाल या नेपाळी खेळाचा निकालही पुढे लिम यू जिन आणि युर्ग निवेरगेल्ट यांनी अशाच रीतीने बरोबरीचा ठरवला. ज्या खेळात एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची तेवढीच हानी असते आणि सर्व पट दोघांसमोर उघडा असतो, तेथे संगणकाचा विजय हा मुख्यतः गणनाशक्तीचा प्रश्न असतो. शेतकऱ्यांचे पाणीवाटप या जातीचे नाही, कारण त्यात सर्वांचा मिळून लाभ होऊ शकतो आणि सर्वांचे मिळून नुकसानही होऊ शकते.

या दुसऱ्या जातीच्या खेळांचा मूळ नमुना कैद्यांचा पेच या नावाने ओळखला जातो. दोघांनी सहकार्य केल्यास दोघांना तीन-तीन गुण, दोघांनी दगा दिल्यास एक-एक, आणि एकाने दगा देऊन दुसऱ्याने सहकार्य केल्यास दगा देणाऱ्याला पाच व दुसऱ्याला शून्य, अशी त्याची प्रचलित मांडणी आहे. एकदाच खेळायचे असेल तर दगा देणे फायद्याचे ठरते. तोच खेळ त्याच माणसाशी पुनःपुन्हा खेळायचा असेल तर मात्र उत्तर सोपे राहत नाही. मिशिगनचेच रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी १९८०च्या सुमारास दोन स्पर्धा घेऊन निरनिराळ्या विद्याशाखांतील अभ्यासकांकडून डावपेच मागवले. पहिल्या स्पर्धेत चौदा आणि दुसरीत बासष्ट प्रवेशिका आल्या, आणि दोन्हींत अॅनाटोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला सर्वांत छोटा डावपेच जिंकला. पहिल्या खेपेस सहकार्य करायचे आणि नंतर समोरच्याने मागच्या खेपेस जे केले तेच करायचे, म्हणजे मराठीत ज्याला जशास तसे म्हणतात, तोच तो डावपेच.

हे डावपेच माणसांनी विचारपूर्वक लिहिले होते. ते कोणी न लिहिता आपोआप घडतील का, हा प्रश्न अॅक्सेलरॉड यांनी हॉलंड यांच्या पद्धतीने तपासला आणि १९८७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागच्या तीन खेपा लक्षात ठेवणाऱ्या खेळाडूपुढे चौसष्ट प्रकारचे पूर्वेतिहास संभवतात. प्रत्येकासाठी सहकार्य की दगा हे एकेक जनुक, आणि सुरुवातीला इतिहासच नसतो म्हणून त्याबद्दलचे गृहीत सांगणारी आणखी सहा, अशी सत्तर जनुकांची माळ त्यांनी घेतली. वीस माळांची वस्ती, पन्नास पिढ्या, आणि समोर दुसऱ्या स्पर्धेचे प्रातिनिधिक ठरलेले आठ डावपेच. बहुतेक प्रयोगांत जशास तसेच्या जवळचे डावपेच उगवले आणि काहींत त्याहूनही सरस, पण समोरच्या भोळ्या डावपेचाला लुबाडून सरस ठरलेले. पुढे समोरचे ठरीव डावपेच काढून वस्तीतील खेळाडू एकमेकांशीच खेळू लागले, तेव्हा सुरुवातीच्या पिढ्यांत दगाबाजी वाढत गेली, आणि सहकार्याला सहकार्याने उत्तर देणारे व दग्याला शिक्षा करणारे खेळाडू काही पिढ्यांनंतरच वर आले. सार्वजनिक पाणी योजनेच्या पहिल्या काही हंगामांवरून तिचे भवितव्य ठरवू नये, असे मानायला हा निष्कर्ष एक चांगला आधार देतो.

मात्र कैद्यांच्या पेचात दोन्ही खेळाडू समान स्थितीत असतात, तर कालव्यावर तसे कधीच नसते. तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याला पाणी आधी मिळते आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला उरलेले मिळते. टेलवाल्याकडे जशास तसे करण्याचे साधनच नसते, कारण त्याचे पाणी कोणी अडवले तरी त्याला वरच्याचे पाणी अडवता येत नाही. या विषमतेचा सर्वांत मोलाचा अभ्यास इंडोनेशियातील बाली बेटावर झाला. तेथील भातशेती सुबक नावाच्या पाणीवाटप मंडळांकडे असते आणि कोणत्या सुबकने केव्हा लावणी करायची याचे वेळापत्रक जलमंदिरांच्या परंपरेतून ठरते. १९७०च्या दशकात हरितक्रांतीच्या धोरणाखाली प्रत्येकाने जमेल तितकी पिके घ्यावीत असा आग्रह धरला गेला, आणि किडीचा उपद्रव व पाण्याची ओढाताण दोन्ही वाढली. मानवशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग आणि पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी ओस व पेतानू या दोन नद्यांवरच्या १७२ सुबकांचे संगणकीय प्रतिरूप तयार करून १९९३ साली त्याचे निष्कर्ष मांडले.

त्या प्रतिरूपातील नियम अगदी साधा होता. प्रत्येक सुबक आरंभी कोणतेही पीकवेळापत्रक घेई, हंगामाअखेर शेजाऱ्यांचे उत्पादन पाही, आणि एखाद्याचे अधिक आलेले दिसल्यास पुढच्या वर्षी त्याचे वेळापत्रक उचलत असे. सर्वांनी एकाच वेळी लावणी व कापणी केल्यास शेते एकदम मोकळी पडून किडीला अन्न उरत नाही, पण सर्वांना पाणीही एकदमच लागते. प्रत्येकाने वेगळ्या वेळी लावल्यास पाणी पुरते, पण कीड एका शेतातून दुसऱ्यात फिरत राहते. वरून कोणीही आज्ञा न देता, केवळ शेजाऱ्याची नक्कल करत करत, दहाएक वर्षांच्या आत सुबकांचे असे गट जुळले की ते प्रत्यक्षातील जलमंदिरांच्या जाळ्याशी बरेच मिळतेजुळते निघाले. उत्पादन वाढले आणि सुबका-सुबकांतील तफावतही घटली. लॅन्सिंग यांनी जॉन मिलर यांच्यासह केलेल्या पुढच्या विश्लेषणात यामागचे मर्म खेळाच्या भाषेत मांडले गेले : वरच्याला पाण्याची ददात नसते, पण खालच्या शेतातून येणाऱ्या किडीची भीती असते, म्हणून खालच्याने आपल्याबरोबर लावणी करावी यासाठी तो त्याला पाणी सोडायला तयार होतो. वरच्याची गरज खालच्याकडे अडकलेली असणे, हे या संपूर्ण विषयातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे, आणि आटपाडीचा विचार याच सूत्रावरून करावा लागतो.

आटपाडी तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, माणगंगेच्या खोऱ्यात आहे. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या बंधूंचा हा मुलूख. खिलार जनावरे, मेंढरे, ज्वारी-बाजरी आणि अलीकडे ठिबकवरचे डाळिंब यांवर तो जगत आला. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळावे म्हणून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, गणपतराव देशमुख आदींच्या पुढाकाराने जी चळवळ उभी राहिली, तिच्या पाणी परिषदा १९९३पासून आटपाडीत भरत आल्या. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उपसत कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सांगोल्यापर्यंत नेणारी टेंभू उपसा सिंचन योजना १९९०च्या दशकात हाती घेतली गेली. मूळ आराखड्यात तिच्यासाठी २२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आणि सुमारे ८० हजार हेक्टर लाभक्षेत्र धरले होते. आटपाडीतील चळवळीचे वेगळेपण असे की ती केवळ पाणी मागून थांबली नाही. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा समान हक्क असावा, ही समन्यायी वाटपाची मागणी तिने लावून धरली आणि उघड्या चाऱ्यांऐवजी बंदिस्त नलिकांतून वाटप करण्याचा आग्रह धरला. शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदुळवाडी आणि बलवडीच्या शेतकऱ्यांनी बांधलेले बळीराजा धरण हा त्याआधीचा प्रत्यक्ष प्रयोग होता.

संगणकशास्त्राने कृष्णेच्या खोऱ्याकडे आजवर बहुतेक वरच्या टोकाकडून पाहिले आहे. कोयना जलाशयातून वीजनिर्मितीसाठी केव्हा किती पाणी सोडावे, हे ठरवण्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील व्ही. जोतिप्रकाश आणि आर. अरुणकुमार यांनी उत्क्रांतीय अल्गोरिदम वापरले. कर्नाटकातील भद्रा जलाशयासाठी एम. जंगा रेड्डी आणि डी. नागेश कुमार यांचे याच प्रकारचे काम आहे. हे काम मोलाचे आहे, पण त्याची रचना एकाच निर्णयकर्त्याची आहे. जलाशयाचे दार एका यंत्रणेच्या हाती असते, म्हणून तेथे सर्वोत्तम वेळापत्रक शोधून काढले की ते अमलात येईल असे धरून चालता येते. कोयनेतून सुटलेले पाणी कराडच्या कृष्णा-कोयना प्रीतिसंगमाखाली टेंभूला उचलले जाऊन आटपाडीच्या शिवारात शिरते, तेव्हा मात्र हजारो हात त्याच्या वाटेत असतात. तेथे वेळापत्रक कागदावर किती चांगले आहे यापेक्षा ते मोडण्यात कोणाला किती फायदा आहे हा प्रश्न मोठा ठरतो, आणि एजंटांचे खेळ नेमके याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी असतात.

माणसांबरोबर खेळलेल्या खेळांनी एजंटांच्या प्रतिरूपांना मोठा आधार दिला आहे. मार्को यान्सेन, जॉन अँडरीज आणि हुआन-कामिलो कार्देनास यांनी कोलंबिया व थायलंडमधील खेड्यांत पाच-पाच जणांना सिंचनाचा खेळ दिला. प्रत्येक फेरीत प्रत्येकाला दहा टोकन मिळत, त्यांतील किती सामाईक कालव्याच्या डागडुजीला द्यायची हे तो गुपचूप ठरवी, आणि सर्वांच्या वर्गणीवरून किती पाणी निर्माण झाले हे कळल्यावर पहिल्यापासून पाचव्यापर्यंत क्रमाने पाणी उचलले जाई. पहिला खेळाडू अर्थातच जास्त घेत असे. पण त्याने फार घेतले की पुढच्या फेरीत टेलचे खेळाडू वर्गणी कमी करत आणि मग सर्वांचेच पाणी आटत असे. म्हणजे टेलवाल्याच्या हाती एक साधन होते, ते वर्गणी न देण्याचे. भूतानमधील लिंगमुतेचू पाणलोटात वरच्या लिंबुखा आणि खालच्या दोंपोला या गावांचा पाण्यावरून वाद होता. तयार नमुना ठरवून देण्याऐवजी तायन राज गुरुंग आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांनी गावकऱ्यांनाच भूमिका वाटून खेळायला लावले, त्यांच्या वागण्यावरून संगणकीय एजंट घडवले आणि पुन्हा गावकऱ्यांपुढे ठेवले. आंध्र प्रदेशात २०१३-१४च्या सुमारास रूथ माइन्झेन-डिक आणि फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेने भूजलाचा खेळ गावोगाव नेला, ज्यात जास्त पाण्याचे पीक घ्यायचे की कमी पाण्याचे हे खेळाडू निवडत आणि विहिरीची पातळी त्याप्रमाणे खाली जाई. ज्या गावांत हे खेळ झाले तेथे पाण्याची नोंद ठेवण्याकडे आणि नियम करण्याकडे कल वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. या तिन्ही प्रयोगांतून एक गोष्ट दिसते, ती म्हणजे शेतकऱ्याला असा खेळ परका वाटत नाही. तो त्याच्या रोजच्या व्यवहाराचाच असतो.

आटपाडीसाठी असा खेळ रचायचा झाल्यास एजंटाच्या माळेत कोणती जनुके असावीत, हे तालुक्यातील व्यवहारावरूनच ठरेल. पीक कोणते (ऊस, डाळिंब की ज्वारी), पाळी नसताना व्हॉल्व्ह उघडायचा की नाही, पाणीपट्टी वेळेवर भरायची की थकवायची, शेजाऱ्याने पाळी मोडल्यास पाणी वापर संस्थेत तक्रार करायची की आपणही मोडायची, आणि आवर्तनाचे पाणी प्लास्टिकच्या शेततळ्यात भरून ठेवायचे की नाही, ही त्यांतली मुख्य. शेततळ्याचे जनुक विशेष लक्ष देण्यासारखे आहे, कारण सार्वजनिक पाणी खासगी साठ्यात गेले की त्या शेतकऱ्याची पुढच्या आवर्तनाची चिंता मिटते आणि त्याबरोबर इतरांवरचे अवलंबनही संपते. जलसंपदा खात्याच्या व्यवहारात टेल टू हेड, म्हणजे शेवटच्या टोकाला आधी पाणी, असा नियम सांगितला जातो. प्रतिरूपात केवळ पाणी घेण्याचा क्रम उलटा करून या नियमाने कोणते डावपेच मरतात आणि कोणते फोफावतात, हे एका दिवसात पाहता येईल.

बालीतील किडीची जागा आटपाडीत कोण घेऊ शकेल, या प्रश्नाचे उत्तर बहुधा वीजबिल हे आहे. उपसा योजनेत पंप चालल्याशिवाय तोंडालाही पाणी येत नाही, आणि थकबाकीमुळे ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप बंद राहिल्याचे प्रसंग या भागाने पाहिले आहेत. टेलच्या शेतकऱ्याने पाणी मिळाले नाही म्हणून पट्टी भरली नाही, तर तोंडाच्या शेतकऱ्याचेही पाणी थांबते; म्हणजे कोलंबियातील खेळातल्या पाचव्या खेळाडूची ताकद येथे टेलवाल्याकडे आहे. राज्य शासनाने पुढे वीजबिलातील ८१ टक्के वाटा स्वतः उचलून १९ टक्के लाभधारकांकडून घेण्याचे सूत्र लावले. दुष्काळी भागातील शेतकऱ्याला हा दिलासा हवाच होता, कारण कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला जे पाणी जवळच मिळते ते येथे शेकडो मीटर उचलावे लागते. पण खेळाच्या दृष्टीने पाहता, वर्गणीचा मोठा भाग बाहेरून आला की टेलवाल्याच्या असहकाराचे वजन घटते. अनुदान सरसकट देण्याऐवजी टेलला पाणी पोचल्याच्या मोजणीशी बांधले तर काय घडेल, हा प्रश्न एजंटांच्या खेळाने तपासण्यासारखा सर्वांत तातडीचा आहे.

उत्क्रांतीय पद्धतीचा दुसरा उपयोग नियमांतल्या पळवाटा शोधण्याचा आहे. कार्ल सिम्स यांनी १९९४ साली संगणकात आभासी प्राणी उत्क्रांत केले, तेव्हा लिहिलेल्या नियमांतील त्रुटींचा फायदा घेणारे प्राणीही त्यांत निपजले. समान वाटा कुटुंबागणिक दिला, तर कागदावर कुटुंबे विभागण्याचा डावपेच उत्क्रांतीतून लवकरच वर येईल. जमिनीच्या कमाल मर्यादेच्या काळातली खातेफोड ज्या महाराष्ट्राने पाहिली आहे त्याला हे नवे नाही. वाटा माणशी दिला, तर ही पळवाट बुजते. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यात माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर सिंचन, शिवाय उसाला बंदी, असे नियम केले होते. त्यांतील प्रत्येक अट एकेका पळवाटेवरचा तोडगा म्हणून वाचता येते.

या विषयाच्या साहित्यात एक मोठी उणीव आहे, आणि ती आटपाडीवरून पाहिली की ठळक होते : खेळाडू म्हणून जमीनधारकच घेतला जातो. भूमिहीन कुटुंबाला पाण्याचा हक्क असेल, तर ते हक्काचे पाणी वापरण्यासाठी जमीन खंडाने घेईल, पाणी दुसऱ्याला देऊन त्याबदल्यात चारा-धान्य घेईल, की आपला वाटा गावच्या सामाईक झाडोऱ्याला देईल, हे डावपेच बालीच्या किंवा कोलंबियाच्या खेळात नाहीत, कारण तेथे असा खेळाडूच नव्हता. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरच्या जुन्या फड पद्धतीनेही हा प्रश्न सोडवला नव्हता; पण तिने वेगळा एक धडा घालून दिला. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागून प्रत्येक फडात एकच पीक, आणि शेतकऱ्यांचे तुकडे निरनिराळ्या फडांत, यामुळे तोंडाचा व टेलचा शेतकरी असा कायमचा भेद पडत नसे. पाणी कमी असेल त्या वर्षी फड पडीक ठेवण्याचा तोटा सगळ्यांत वाटला जाई, आणि पाटकरी सर्वांचा नोकर असे. नलिकांच्या जाळ्यात जमीन हलवता येत नाही, पण पाळीचा क्रम दर आवर्तनाला फिरवून तोच परिणाम साधता येतो का, हे तपासता येईल.

अलीकडे भाषा-प्रतिमानांवर चालणारे एजंटही अशा खेळांत उतरवले गेले आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या गव्हसिम या अभ्यासात सामाईक तळ्यातली मासेमारी, कुरण आणि प्रदूषण असे खेळ त्यांना दिले, तेव्हा बहुतेक प्रतिमानांना संसाधन टिकवता आले नाही, आणि आपसांतली बोलणी बंद केल्यावर परिस्थिती आणखी बिघडली. हे एजंट शेतकऱ्यासारखे बोलतात म्हणून ते शेतकऱ्यासारखे निर्णय घेतात असे धरणे घातक ठरेल. सत्तर जनुकांच्या माळेचा निदान प्रत्येक निर्णय उघडून पाहता येतो.

शेवटी प्रश्न योग्यता मोजण्याचा उरतो, आणि तो तांत्रिक नाही. एकूण उत्पन्न ही योग्यता धरली तर उत्क्रांती बहुधा बागायतदाराच्या बाजूने झुकेल. दर टीएमसीमागे किती कुटुंबे तगली हे मोजले तर ज्वारी, चारा आणि ठिबकवरचे डाळिंब वर येतील. सर्वांत कमी पाणी मिळालेल्या कुटुंबाच्या वाट्यावरून गुण दिले तर टेलचा भूमिहीन हाच खेळाचा केंद्रबिंदू होईल. आटपाडीच्या पाणी परिषदांनी यांतील तिसऱ्याच्या जवळची भूमिका घेतली होती. आटपाडीसाठी जे प्रतिरूप तयार होईल त्यात हे माप संशोधकाने प्रयोगशाळेत न निवडता पाणी वापर संस्थांच्या सभांमध्ये, भूमिहीन आणि स्त्रिया हजर असताना, ठरवले जावे, आणि निरनिराळी मापे लावून निघालेले निकाल त्याच सभांपुढे शेजारी-शेजारी मांडले जावेत.